नालदेहरा यादीच्या तळाशी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत अलीकडे हिमालयातील आणि ईशान्येकडील डोंगरांमधल्या खेळण्याजोग्या गोल्फ मैदानांची एक यादी प्रसिद्ध झाली. मराठीत या विषयावर क्वचितच लिहिले जाते, त्यामुळे ती पाहून प्रथम आनंदच झाला. परंतु क्रम लावताना लेखकाने दोनच गोष्टी विचारात घेतलेल्या दिसतात : मैदान समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे आणि त्याची एकूण लांबी किती यार्ड भरते. या हिशेबाने गुलमर्ग पहिले आले, श्रीनगरचे रॉयल स्प्रिंग्ज त्याच्या पाठोपाठ आले आणि नालदेहरा व राणीखेत तळाशी गेले. मी वीसेक वर्षे हा खेळ खेळते आहे. माझा हँडिकॅप (खेळाडूला मिळणारी जादा फटक्यांची सवलत; खेळ जितका चांगला तितकी ती कमी) आजवर २४ च्या खाली कधी उतरलेला नाही, म्हणजे मी सामान्यच खेळाडू आहे; पण सुट्टी काढून, सामानाची पिशवी घाटरस्त्याने वर नेऊन खेळणारी बहुतेक मंडळी याच पातळीची असतात. त्यांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे.

सपाट प्रदेशात गोल्फ मैदान आखणाऱ्याला अडचणी मुद्दाम निर्माण कराव्या लागतात. तो वाळूचे बंकर खणतो, तळी करतो, झाडे लावतो, फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा, वाकवतो आणि एवढे करूनही मैदान सोपे वाटले तर लांबी वाढवतो. डोंगरात हे काम जमिनीने आधीच करून ठेवलेले असते. तेथे ३०० यार्डांचा होल, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून खळगीपर्यंतचा एक टप्पा, चढाचा असेल तर ३४० सारखा खेळतो, उताराचा असेल तर २६० सारखा. आणि ज्या जागी चेंडू थांबतो तेथे दोन्ही पाय एका पातळीत ठेवून उभे राहता येईलच याची खात्री नसते. अशा मैदानाची कार्डावर छापलेली लांबी वाचून त्याची परीक्षा करणे म्हणजे गडाची वाट किती किलोमीटरची आहे एवढेच विचारून चढण किती हे न विचारण्यासारखे आहे.

नालदेहऱ्याचेच उदाहरण घ्यावे. शिमल्यापासून साधारण २२ किलोमीटरवर, देवदाराच्या जंगलातील एका मोकळ्या माथ्यावर हे मैदान आहे. शिमला १८६४ पासून ब्रिटिश सरकारची उन्हाळी राजधानी होती. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी आवडली की १९०४ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीच्या नावात त्याने ‘नॅल्डेरा’ हा शब्द घातला. मैदानाची कल्पनाही त्याचीच, असे सांगितले जाते. बंगालची फाळणी करणाऱ्या माणसाविषयी आपल्याला ममत्व वाटण्याचे कारण नाही, पण जागेची त्याची निवड चुकली नव्हती हे मान्य करावे लागते. मैदानाच्या मधोमध महुनाग या स्थानिक देवाचे देऊळ आहे, आणि एका बाजूने घंटा ऐकू येत असताना दुसऱ्या बाजूने कोणीतरी फटक्यासाठी पवित्रा घेत आहे, हे दृश्य तेथे कोणालाच वावगे वाटत नाही.

हे मैदान ६८ पारचे, म्हणजे कसलेल्या खेळाडूने ६८ फटक्यांत पूर्ण करावे असे आहे आणि आजच्या मापाने आखूड आहे. आखूड म्हणून सोपे असेल अशा समजुतीने मी पहिल्यांदा तेथे गेले आणि पहिल्या तीन होलमध्ये पाच चेंडू हरवले. तेथील टी (पहिला फटका मारण्याची जागा) अनेकदा उंचवट्यावर आणि ग्रीन (खळगीभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) खाली पायरीसारख्या एखाद्या सपाटीवर असते. त्या सपाटीच्या अलीकडे उतार, पलीकडे त्याहून मोठा उतार आणि दोन्ही अंगांना देवदार. तिथे लांब मारणाऱ्याला फारसा लाभ नाही. किती अंतर आहे हे ओळखून तेवढाच चेंडू मारणे आणि तो जिथे टेकेल तिथून पुढे किती घरंगळेल याचा अंदाज करणे, यातच सगळा खेळ आहे. माझ्यासोबतच्या कॅडीने (पिशवी वाहणाऱ्या आणि सल्ला देणाऱ्या मदतनिसाने) चौथ्या होलपासून माझ्या हातातून ड्रायव्हर (सर्वांत लांब मारण्याची काठी) काढून पिशवीत घातला आणि शेवटपर्यंत बाहेर येऊ दिला नाही. त्यानंतर माझा एकही चेंडू हरवला नाही. कोणत्याही यादीत या मैदानाला वरचा क्रमांक देण्यास मला एवढे कारण पुरेसे वाटते.

उंचीबद्दल पुरवणीत जे लिहिले आहे ते अर्धेच आहे. ‘उंचावर चेंडू लांब जातो’ हे खरे. हवा विरळ असल्यामुळे चेंडूला होणारा अवरोध घटतो, आणि ढोबळ नियम असा की दर हजार फुटांमागे अंतर एक टक्क्याहून थोडे अधिक वाढते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, म्हणजे ८,७०० फुटांच्या आसपास आहे. तेव्हा तेथे साधारण दहा टक्के धरावेत. मैदानी प्रदेशात १५० यार्ड जाणारा आयर्नचा (लोखंडी माथ्याच्या काठीचा) फटका तेथे १६५ च्या आसपास जाऊ शकतो. पण ज्या विरळ हवेमुळे अवरोध घटतो तिच्यामुळेच फिरणाऱ्या चेंडूला वर उचलून धरणारा जोरही घटतो. त्यामुळे चेंडू कमी उंच जातो, चपट्या कोनात उतरतो आणि टेकल्यावर जास्त पळतो. ग्रीनवर चेंडू थांबवणे म्हणूनच अवघड होते. उलटपक्षी, उजवीकडे किंवा डावीकडे वळत जाण्याची ज्यांच्या चेंडूला खोड आहे त्यांना तेथे थोडा दिलासा मिळतो, कारण तो वळतोही कमी. ज्यांचा स्विंग मुळातच संथ आहे त्यांच्या पदरात हे दहा टक्के पूर्णपणे पडत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. त्यात सकाळी सात वाजता गारठ्यात चेंडू टणक होतो आणि कमी उसळतो, ऊन चढल्यावर तोच फटका एक क्लब, म्हणजे एक पायरी लांब मारणाऱ्या काठीइतका, पुढे जातो. म्हणजे डोंगरात अंतराचे गणित दिवसातून दोनदा मांडावे लागते.

गुलमर्गला पहिला क्रमांक मिळाला याबद्दल माझी तक्रार नाही. तो कोणत्या कारणासाठी मिळाला याबद्दल आहे. साडेसात हजार यार्डांच्या आसपासची लांबी आणि २०११ मध्ये झालेली फेरआखणी ही त्याची खरी थोरवी नव्हे. गुलमर्ग हे मुळात एक मोठे, बशीसारखे कुरण आहे. सोळाव्या शतकात युसूफ शाह चक याने त्याला फुलांचे कुरण या अर्थाचे आजचे नाव दिले. भोवती सूचिपर्णी वृक्ष, वर अफरवट शिखराचा बर्फाळ उतार आणि खाली हिरवळीच्या सौम्य लाटा अशी त्याची रचना आहे. त्या लाटा नैसर्गिक आहेत, आणि मैदान त्यांवरून फिरते म्हणून ते चांगले आहे. हिवाळ्यात हीच जागा बर्फाखाली जाते आणि स्कीइंग करणाऱ्यांच्या ताब्यात येते, त्यामुळे गोल्फचा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर एवढाच उरतो. आणखी एक व्यावहारिक गोष्ट : २,५०० मीटरच्या वर पोहोचलेल्या माणसाला विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. पोहोचल्याच्या दिवशी १८ होल चालण्याचा अट्टहास करू नये. मी तो केला आहे, आणि चौदाव्या होलनंतर मला कोणते डोंगर दिसले हे आज आठवत नाही.

पुरवणीत ज्याचा उल्लेखही नाही असा एक विषय म्हणजे पटिंग, अर्थात ग्रीनवर चेंडू हलकेच खळगीकडे ढकलणे. डोंगरातील ग्रीनवर डोळा फसतो. आजूबाजूची सगळी जमीन एका बाजूला कललेली असली की मन तिलाच सपाट धरून चालते, आणि मग दरीकडे किंचितच कललेले ग्रीन डोंगराच्या बाजूने उतरते आहे असा भास होतो. चेंडू मात्र दरीकडे जातो. म्हणूनच प्रत्येक डोंगरी मैदानावरचा कॅडी नवख्या माणसाला पहिला सल्ला देतो तो हा की दिसते तसे खेळू नका, दरी कुठे आहे ते आधी विचारा. मी एका पटाबाबत कॅडीशी पाच मिनिटे वाद घातला, माझ्या मताप्रमाणे खेळले आणि चेंडू, मला चढ वाटत होता त्या बाजूला, आठ फूट दूर गेला. कॅडी काही बोलला नाही. पुढच्या ग्रीनवर मीच विचारले.

तोच प्रकार फेअरवेवर उभे राहण्याचा. चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका डावीकडे ओढला जातो. चेंडू पायांखाली असेल तर उजवीकडे निसटतो. उताराकडे तोंड करून मारल्यास चेंडू खालून, वेगाने जातो आणि खूप पळतो. सपाट मैदानावर या गोष्टी पुस्तकातून वाचाव्या लागतात, डोंगरात त्या एका सकाळी अंगी लागतात. नवीन शिकणाऱ्याने डोंगरी मैदानाला घाबरू नये असे मी म्हणते ते यासाठी.

शिलाँगचे मैदान यादीत मध्यावर आले आहे आणि त्याच्याबद्दल ‘पूर्वेचे ग्लेनईगल्स’ (ग्लेनईगल्स हे स्कॉटलंडमधील प्रसिद्ध मैदान) हे जुने बिरुद तेवढे दिले आहे. ते बिरुद आता खरे तर सोडून द्यावे. स्कॉटलंडची आठवण काढल्याशिवाय ज्याचे वर्णन करता येत नाही असे हे मैदान नाही. १८७४ पासून शिलाँग आसामची राजधानी होते, १८९८ मध्ये तेथे ९ होलचे मैदान झाले आणि १९२४ मध्ये सध्याचे १८ होलचे. खासी पाइन वृक्षांनी आणि ऱ्होडोडेंड्रॉनने वेढलेल्या एका खोलगट दरीत ते पसरलेले आहे, आणि आखणाऱ्यांनी जमीन जवळजवळ हलवलेलीच नाही. वळणे, खळगे, ओहोळ जसे होते तसे ठेवून त्यांतून वाट काढली आहे. सहावा होल ५९४ यार्डांचा आहे, आणि तो चढउतारांसह खेळताना माझ्यासारख्यांना चेंडू सात वेळा मारावा लागतो हे सांगायला मला संकोच वाटत नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात फेअरवे बहुतेक काळ ओला असतो, चेंडू पळत नाही, म्हणून तेथे अंतर हवेतच कमवावे लागते. गुलमर्गच्या नेमके उलट. दोन डोंगर, दोन वेगळे खेळ. लांबीच्या रकान्यात हा फरक कुठे दिसणार? शिलाँगला नोव्हेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत जावे.

राणीखेतच्या उपट येथील ९ होलचे मैदान सुमारे १,८०० मीटरवर आहे आणि ते लष्कराचे आहे. राणीखेत हे कुमाऊँ रेजिमेंटचे केंद्र आहे हे अनेकांना माहीत असेल. आकाश निरभ्र असेल तर समोर त्रिशूल (७,१२० मीटर) आणि नंदादेवी (७,८१६ मीटर) दिसतात. पुरवणीने ‘केवळ ९ होल’ म्हणून ते शेवटी टाकले आहे. ९ होलचे मैदान दोनदा खेळले की १८ होतात, आणि दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतील चुका सुधारण्याची संधी मिळते; ही सोय मोठ्या मैदानावर नाही. डोंगरात ९ होल असणे ही उणीव नसून अनेकदा आखणाऱ्याच्या शहाणपणाची खूण असते. तेवढीच मोकळी जागा होती, तेवढीच त्याने घेतली.

लष्कराच्या मैदानांचा विषय निघाला म्हणून एक तक्रारही करते. काही वर्षांपूर्वी एका पर्यटन पुस्तिकेत ‘सर्वांसाठी खुले’ असे वाचून मी आणि माझी बहीण लांबचा प्रवास करून एका डोंगरी मैदानावर पोहोचलो. फाटकावरच्या जवानाने अत्यंत नम्रपणे सांगितले की बाहेरच्यांना खेळता येत नाही, आणि त्याच नम्रतेने चहा विचारला. जवानाचे काहीच चुकले नव्हते. चुकली होती ती पुस्तिका. कोणत्याही यादीत प्रत्येक मैदानासमोर सर्वप्रथम हे लिहायला हवे की ते कोणाचे आहे, बाहेरच्या खेळाडूला परवानगी मिळते का, ती आधी मागावी लागते का, आणि तेथे कॅडी व भाड्याने क्लब मिळतात का. उंची आणि लांबी हे रकाने त्यानंतर आले तरी चालतील. सिक्कीममधील कुपुपचे ‘याक’ मैदान १३,०२५ फुटांवर आहे आणि जगातील सर्वांत उंच मैदानांमध्ये त्याची गणना होते. पण तेही लष्कराचे, तिबेटच्या सीमेलगतच्या भागात, जेथे जायलाच परवाना लागतो. वाचकाने त्याचे कौतुक करावे, पण त्याच्या भरवशावर सहलीचा बेत आखू नये.

श्रीनगरच्या रॉयल स्प्रिंग्जविषयी थोडक्यात एवढेच की दल सरोवराजवळ, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी रॉबर्ट ट्रेंट जोन्स धाकटे यांनी आखलेले ते मैदान उत्तम आहे, देखणे आहे आणि कोणाच्याही शिफारशीची त्याला गरज नाही. शेजारच्या देशांपैकी भूतानमधील थिंफूचे ९ होलचे मैदान ताशिछो जोंग या किल्लेवजा मठाच्या परिसरात आहे. नेपाळमधील पोखऱ्याचे मैदान मात्र यादीतून सुटायला नको होते. ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्या एका गुरखा मेजरने बिजयपूर नदीच्या खोल घळीत ते उभारले. ९ होल, एक ग्रीन चक्क नदीच्या पात्रातील बेटावर, आणि वर मान केली की माछापुच्छ्रे शिखर. तेथे होल आखण्याऐवजी नदीने जिथे जागा सोडली तिथे झेंडे रोवले असावेत असे वाटते, आणि ही मी प्रशंसा म्हणून लिहीत आहे.

हंगामाबद्दल पुरवणीत ‘वर्षभर’ असा शब्द सरसकट वापरला आहे, तो धोक्याचा आहे. हिमाचलात जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळून रस्ते बंद होतात. मैदान उघडे असले तरी तेथे पोहोचता येत नाही. उन्हाळ्यातही दुपारनंतर ढग जमून विजा चमकू लागतात, म्हणून टी टाइम (खेळ सुरू करण्याची वेळ) सकाळचाच घ्यावा. विजेचा धोका आहे असे वाटल्यास खेळाडूला स्वतःच्या निर्णयाने खेळ थांबवण्याची मुभा गोल्फच्या नियमांनीच दिलेली आहे; स्पर्धेत असताना संकोचून चालत राहू नये. लोखंडी काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन उघड्या माथ्यावर उभे राहण्यासारखी वाईट जागा दुसरी नाही. मोसमाच्या कडेला, एप्रिल-मेमध्ये, सावलीत बर्फाचे तुकडे उरलेले असतात आणि चेंडू त्यात अडकतो. अशा वेळी नियम उदार आहेत : बर्फाला सुटा अडथळा मानून बाजूला करता येते किंवा तात्पुरते साचलेले पाणी मानून दंडाशिवाय चेंडू हलवता येतो, निवड खेळाडूची. दव आणि गोठलेले दव यांना मात्र ही सवलत नाही.

लेखाच्या शेवटी ‘डोंगरी राज्यांनी आंतरराष्ट्रीय दर्जाची नवी १८ होलची मैदाने उभारावीत’ अशी सूचना केलेली आहे. तिच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. सात हजार यार्डांचे मैदान बसवायचे तर डोंगराच्या उतारावर ते आपोआप बसत नाही. कडा तोडून, ती माती खालच्या बाजूला भरून सपाट्या कराव्या लागतात, आणि अशी भरलेली माती पहिल्या मोठ्या पावसात कुठे जाते हे डोंगरातल्या लोकांना विचारावे. शिवाय ग्रीनला रोज पाणी लागते, खत लागते, बुरशीनाशक लागते, आणि ते सारे उताराने खालच्या झऱ्यांत उतरते. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे हिमालयातील निम्म्याच्या आसपास बारमाही झरे आटले आहेत किंवा हंगामी झाले आहेत. ज्या गावच्या बायका पाण्यासाठी आणखी अर्धा डोंगर उतरून जाऊ लागल्या आहेत, त्या गावच्या वर तुषारसिंचन सुरू करून तेथे गोल्फ खेळणे मला तरी जमणार नाही. आहेत तीच जुनी मैदाने नीट राखावीत, कॅडींना बारमाही काम मिळेल असे पाहावे, आणि नवे करायचेच असेल तर ९ होलचे, आखूड, जमीन न हलवता करावे. शिलाँगला शंभर वर्षांपूर्वी जे जमले ते आज जमू नये असे काही नाही. येथे कोणी म्हणेल की हा खेळच मूठभरांचा आहे, त्याची एवढी चर्चा कशाला. तर मूठभरांच्या खेळासाठी डोंगर फोडू नये एवढेच माझे म्हणणे आहे.

संबंधित लेखक या मैदानांवर स्वतः खेळले आहेत किंवा कसे, हे लेखावरून कळत नाही. खेळले नसल्यास त्यांनी सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरल्यावर, नालदेहऱ्याला जावे, पिशवीत सहा-सात क्लबच न्यावेत आणि ड्रायव्हर खालीच ठेवून जावे. यादी पुन्हा छापायची वेळ आल्यास एक दुरुस्तीही करावी : नालदेहऱ्यासमोर पार ७२ छापले गेले आहे, ते ६८ हवे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक